चेहरा ओळखीचा, नाव मात्र सांगता येईना (पीट पोसलथ्वेट)

गवतीचहा:
परवा रविवारी घरी 'द टाऊन' लावला होता, बेन ॲफ्लेकचा २०१० चा, बॉस्टनमधले दरोडेखोर वगैरे. त्यात एक म्हातारा फुलवाला आहे, गुलाबाचे काटे काढत काढत समोरच्याला अशी काही धमकी देतो की माझ्या हातातला चहा गार झाला. नवरा ओरडला, पॉज कर पॉज कर, हा तो डायनोसॉरवाला शिकारी! मी म्हटलं छे, हा तो जपानी नावाचा वकील. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "अगं हा तुरुंगातला बाप. मुलाबरोबर जेलात असतो तो."
शोधलं तर तिघंही बरोबर! पीट पोसलथ्वेट, ब्रिटिश नट. इतकी वर्षं हा माणूस आमच्या घरात येऊन जातोय आणि कुणाला नाव माहीत नाही.
तर प्रश्न असे. एक, याचं अजून काय बघू, कुठून सुरुवात करू? दोन, नवऱ्याचं म्हणणं असं की आयुष्यभर दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये दहा मिनिटं यायचं आणि जायचं याला करियर म्हणत नाहीत, पाहुणचार म्हणतात. मला हा वाद जिंकायचाय, मुद्दे द्या. तीन, ते आडनाव नक्की कसं म्हणायचं?

अर्धवटराव:
रुमाल टाकून ठेवतो. नवऱ्याच्या बाजूने.

टेकाडेभाऊ:
आडनावाचं आधी. Tचा उच्चार करायचा नाही हे लक्षात ठेवा म्हणजे झालं, पॉसल-थ्वेट. उत्तर इंग्लंडातलं आहे. 'थ्वेट' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत झाडी तोडून मोकळी केलेली जागा, तिकडच्या कितीतरी गावांच्या नावांच्या शेवटी असतं, आपल्याकडे वाडी असते तसं.
सुरुवातीच्या काळात लोकांनी याला सांगितलं होतं की बाबा नाव बदल, एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांत लावायचं तर विजेचं बिल परवडणार नाही. याने नाही बदललं.

अर्धवटराव:
काका, Tचा उच्चार करायचा नाही म्हणता आणि पुढे 'थ्वेट' म्हणता?

टेकाडेभाऊ:
पहिल्या टचा रे. तू तुझ्या नावाला जागतोस.

खिडकीतली:
मस्त धागा गवती! डायनोसॉरवाला म्हणजे 'द लॉस्ट वर्ल्ड', १९९७. रोलंड टेम्बो. आम्ही तो हिंदीत डब केलेला टीव्हीवर इतक्यांदा बघितलाय की मूळ आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तोच डब वाटला. सगळी टोळी पैशासाठी बेटावर आलेली असते आणि हा एकटा म्हणतो मला पैसे नकोत, मला टी-रेक्सचा नर मारायचाय. व्हिलनच्या बाजूचा माणूस पण आख्ख्या सिनेमात इज्जत त्याचीच राहते. त्याचा जोडीदार आठवतोय का? अजय सिधू! लहानपणी आम्हाला केवढा अभिमान होता की डायनोसॉरच्या बेटावर एक अजय आहे. मग तो उंच गवतात जातो आणि संपतो. शेवटी टेम्बोला नोकरी देऊ करतात तेव्हा तो म्हणतो की मृत्यूच्या सहवासात फार दिवस काढले, आता पुरे. बारा वर्षांची असताना ते वाक्य कळलं नव्हतं, तरी त्याचा चेहरा बघून आम्ही सगळी भावंडं गप्प झालो होतो.

आडगल्लीतला:
जपानी नावाचा वकील म्हणजे 'द युज्वल सस्पेक्ट्स' मधला कोबायाशी (१९९५). नाव जपानी, माणूस इंग्रज, आणि इंग्रजी बोलतो ते माझ्या कानाला चक्क आपल्या उपखंडातलं लागतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं दादरच्या कुठल्यातरी सॉलिसिटरकडे बसलोय. असं का ते सिनेमाच्या शेवटी कळतं, कारण ते नाव मुळात कपाच्या

आडगल्लीतला:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). अर्धाच पोस्ट झाला होता, बरं झालं.

अर्धवटराव:
३० वर्षं झाली त्या पिक्चरला, आता कसला स्पॉयलर. कपाच्या बुडाशी लिहिलेलं असतं. घ्या.

गवतीचहा:
मी बघितलाय म्हणून वाचलास.

मिसळीतला_पाव:
मी नव्हता बघितला 😭

दुसरी_घंटा:
सगळे सिनेमेच काय घेऊन बसलात. हा माणूस मुळात रंगभूमीचा. वॉरिंग्टनचा, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं गाव, १९४६ चा जन्म, कामगार वस्तीतलं कॅथलिक कुटुंब. आधी पाद्री व्हायचं मनात होतं, मग शिक्षक झाला, मँचेस्टरला मिशनऱ्यांच्या संस्थेत नाटक शिकवायचा, आणि त्यानंतर ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत गेला. म्हणजे वीस वर्षांचं पोरगं स्टार व्हायला निघालं असला प्रकार नाही.
खरी घडण झाली लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात. होप स्ट्रीटवर आहे, १९६४ ला सुरू झालेलं. सत्तरच्या दशकात तिथे एकाच वेळी कोण कोण होतं बघा: ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, आणि लिहायला विली रसेल, ॲलन ब्लीसडेल. यातलं कुणीही तेव्हा नाव नव्हतं. त्यांची 'व्हॅनलोड' म्हणून एक तुकडी होती, व्हॅनमध्ये सामान टाकायचं आणि पबमध्ये, वस्तीच्या सभागृहात जाऊन प्रयोग करायचा. पबमध्ये नाटक म्हणजे समोरचा माणूस बियर पिऊन मित्राशी बोलतोय, त्याने तुमचं तिकीट काढलेलं नाही, तो तुम्हाला बघायला आलेलाच नाही, आणि तुम्हाला त्याची मान तुमच्याकडे वळवायची आहे. ज्याला ते जमलं त्याला सिनेमात दहा मिनिटं म्हणजे चैन आहे चैन. गवतीताई, नवऱ्याला हे सांगा. दहा मिनिटांत मान वळवायची कला तिथून आली.
त्यानंतर रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम केलं. सिनेमात चाळिशी उलटल्यावर लोकांना दिसायला लागला.

अर्धवटराव:
थोडक्यात एसटीच्या लाल डब्यातून दौरे केलेला नट. हे आधी सांगायचं ना. नवऱ्याच्या बाजूवरून रुमाल उचलतोय, कुंपणावर टाकतोय.

ढगाळ:
मी साउथ यॉर्कशरमध्ये असतो, डॉक्टर आहे, सात वर्षं झाली इकडे. अजून कुणी 'ब्रास्ड ऑफ'चं नाव कसं घेतलं नाही? १९९६. इकडे त्याला सिनेमा म्हणून बघतच नाहीत लोक, घरातल्या लग्नाच्या व्हिडिओसारखा बघतात.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाण कामगारांच्या ब्रास बँडची गोष्ट. सिनेमातलं गाव ग्रिमली, म्हणजे खरं ग्रिमथॉर्प, इथून फार लांब नाही. १९९२ च्या ऑक्टोबरात सरकारने खाणी बंद करायचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात ग्रिमथॉर्पच्या खाणीचा बँड लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. पुढच्या वर्षी खाण बंद. सिनेमात वाजतं ते संगीत त्याच बँडने वाजवलेलं आहे, आणि बँड अजूनही चालू आहे, खाण नाही.
पोसलथ्वेट यात डॅनी, बँडमास्तर. आयुष्य कोळशात गेलेलं, छातीत तोच कोळसा बसलेला, आणि याला पडलीये ती फक्त सुरांची. बाकीच्यांची घरं मोडतायत, कर्ज, उपासमार, पोरगा जोकर बनून मुलांच्या पार्ट्या करतोय, आणि हा म्हणतो तालमीला वेळेवर या. सुरुवातीला राग येतो त्याचा. मग तो हॉस्पिटलात पडतो आणि सगळा बँड रात्री बाहेर उभा राहून, डोक्यावर खाणीतले दिवे लावून, 'डॅनी बॉय' वाजवतो.
मी नवा होतो तेव्हा एक म्हातारे पेशंट यायचे, जुने खाण कामगार. दोन पावलं चालले की थांबायचे. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, तो सिनेमा बघितलाय का. ते म्हणाले, खोकला अगदी बरोबर केलाय त्याने. बस्स. सिनेमाबद्दल एवढंच. मी घरी येऊन परत लावला आणि फक्त खोकला ऐकला. खरंच सांगतो, दम लागलेल्या माणसाचं पहिलं लक्षण खोकला नसतो, तो वाक्य लहान करायला लागतो. डॅनी ते करतो. हे त्याला कुणी शिकवलं असेल का नुसतं बघून उचललं असेल, मला कायम कुतूहल आहे.

खिडकीतली:
ढगाळ, काय लिहिलंयस. वाक्य लहान करायला लागतो... आता परत बघणं आलं.

लालबागचा_अंत्या:
माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर जे व्हायचं ते आमच्याकडे झालं, ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहितो की गिरणी गेली तरी चाळीतलं भजनी मंडळ राहिलं, आणि पेटीवाले काका अगदी डॅनीसारखे होते, घरात चूल पेटो न पेटो शनिवारी आठाला हजर राहा. 'ब्रास्ड ऑफ' मी सबटायटल लावून बघितला, यॉर्कशरचं इंग्रजी एक अक्षर कळत नाही. पण शेवटचं भाषण आहे ना अल्बर्ट हॉलमधलं, त्याला सबटायटल लागली नाहीत.

मिसळीतला_पाव:
शेवटी काय भाषण करतो? (आता स्पॉयलरचं दुःख संपलंय)

ढगाळ:
बँड जिंकतो, आणि डॅनी हॉस्पिटलातून उठून आलेला, तो स्टेजवर जाऊन सांगतो की मला वाटायचं संगीत महत्त्वाचं आहे, पण माणसांपुढे ते काहीच नाही, म्हणून हा चषक आम्ही घेत नाही. मग सरकारला झोडतो. आणि गंमत म्हणजे एवढं झाल्यावर बँडमधला एक जण गुपचूप चषक उचलतोच. हे फार आवडतं मला. नाहीतर भाषणाचा पुतळा झाला असता.
'टबथंपिंग' हे चंबावंबा बँडचं गाणं आठवतंय? पडलो तरी परत उठतो वालं? त्याच्या अल्बममधल्या आवृत्तीत सुरुवातीला जो माणूस बोलतो तो हाच, याच भाषणाचा तुकडा आहे.

आडगल्लीतला:
काय सांगतोस! कॉलेजच्या गॅदरिंगला त्यावर नाचलोय आम्ही. म्हणजे हा माणूस माझ्याही घरात नाव न सांगता येऊन गेलाय.

खिडकीतली:
हे वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते, लांबलंय, सांभाळून घ्या. गवतीच्या सासूबाई 'तुरुंगातला बाप' म्हणाल्या ना, त्यांनी नकळत चावी दिलीये. या माणसाने मुख्यतः बाप केलेत.
पहिला 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज', १९८८, टेरेन्स डेव्हिस. लिव्हरपूलचं कॅथलिक घर, चाळीस-पन्नासचं दशक, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरावर बेतलेलं. हा बाप मारकुटा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री झोपलेल्या मुलांकडे बघून मायेने पुटपुटतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलावरचं कापड सगळ्या ताटांसकट ओढून खाली पाडतो आणि बायकोला ओरडतो की साफ कर. मध्ये कारण काहीच नाही. दुसरा कुठलाही नट असता तर रात्रीच्या मायेत थोडं विष टाकलं असतं, म्हणजे आपल्याला आधीच कळावं. हा टाकत नाही. माया खरी आणि मारही खरा. अशा घरात वाढलेल्यांना विचारा हे किती बरोबर आहे.
दुसरा 'इन द नेम ऑफ द फादर', १९९३. जुझेप्पे कॉनलन, खरा माणूस. गिल्डफर्डच्या १९७४ च्या बॉम्बस्फोटात याच्या मुलाला, जेरीला, खोटं अडकवलं. बाप बेलफास्टहून लंडनला आला तो पोराला वकील बघून द्यायला, आणि त्यालाही धरलं. १९८० मध्ये कैदेत असतानाच गेला. त्याच्यावरचा ठपका पुसला गेला १९९१ ला. सिनेमात बाप-लेक एकाच कोठडीत दाखवलेत, प्रत्यक्षात तसं नव्हतं, पण त्या खोटेपणाशिवाय हा सिनेमा झालाच नसता. बापाचं काम काय तर जपमाळ ओढणं, पत्रं लिहिणं, आजारी पडणं. पोरगा डॅनियल डे-लुईस, आग नुसती, आणि समोर हा घोंगडी पांघरून बसलेला. तरी तुम्ही बघता याच्याकडे. तो जातो तेव्हा कैदी रात्री खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात तो सीन मला अजून झेपत नाही.
तिसरा डॅनी. चौथा 'इन्सेप्शन' (२०१०) मधला मरणपंथाला लागलेला अब्जाधीश, पोराला म्हणतो मी निराश झालो, आणि सगळा सिनेमा त्या एका शब्दाचा अर्थ उलटा करण्यासाठी चालतो. तिथे तर तो पलंगावरून उठतसुद्धा नाही.
आणि हो, 'रोमिओ + ज्युलिएट' मध्ये फादर लॉरेन्स. तोही फादरच 😄

टेकाडेभाऊ:
खिडकीताई, दंडवत. त्यात एक भर. डे-लुईस १९५७ चा, हा १९४६ चा. 'बाप' लेकापेक्षा फक्त अकरा वर्षांनी मोठा आहे! मला हे कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. मेकअप काही फार नाही, खांदे तेवढे पाडलेत.
त्या रोलसाठी ऑस्करचं सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन मिळालं. त्या वर्षीची यादी बघा: लिओनार्डो डिकॅप्रिओ, रेफ फाइन्स, जॉन माल्कोविच, हा, आणि जिंकला टॉमी ली जोन्स, 'द फ्युजिटिव्ह'साठी. मी फाइन्सला दिलं असतं. असो.

आडगल्लीतला:
टॉमी ली जोन्सला दिलं ते योग्यच होतं. धागा वेगळा काढा, मी येतो भांडायला.

अर्धवटराव:
जुनं दुखणं आहे वाटतं दोघांचं.

वऱ्हाडी_ठेचा:
अबे तुम्ही सारे बापच बाप घेऊन बसले, त्या माणसाचा खरा इरसाल रोल कोनीच नाही सांगितला. 'शार्प' नावाची ब्रिटिश सिरियल होती, शॉन बीन हिरो, नेपोलियनच्या लढाया. त्यात हा सार्जंट ओबडाया हेक्सविल. १९९४ चे दोन भाग. लहानपणी फासावर चढवला तरी मेला नाही असा माणूस, तोंड असं झटके देत राहते, आन टोपी काढून टोपीतच तोंड घालून आपल्या मायशी बोलतो! हसू पन येते आन अंगावर काटा पन. डायनोसॉर परवडला पन हा नको.
आता ऐका गंमत. त्या कादंबऱ्यांच्या लेखकानं, बर्नार्ड कॉर्नवेलनं, सिरियल झाल्यावर मागच्या काळाच्या कादंबऱ्या लिहिल्या, शार्प भारतात असतानाच्या. हेक्सविल त्यातबी आहे. एक असईच्या लढाईवर, जालन्याजवळची, २३ सप्टेंबर १८०३, वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले. आन पुढची कुठली? गाविलगड! चिखलदऱ्याचा आमचा गाविलगड, डिसेंबर १८०३. मी लहानपणापासून शाळेच्या सहलीत तो किल्ला चढून आलो, तिथं बसून डबा खाल्ला, आन पंधरा वर्षांनी एका इंग्रजी कादंबरीत वाचतो का हा हेक्सविल तिथंच फिरून राह्यला. वाचताना मले तर याचंच तोंड दिसत होतं. सिरियलमध्ये ते भाग याच्यासोबत कधी झाले नाहीत, पन माझ्या डोक्यात झाले.

दुसरी_घंटा:
ठेचा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. पोसलथ्वेट गाविलगडावर! व्वा.

लालबागचा_अंत्या:
मायशी टोपीत बोलणारा 😂 बघितलाच पाहिजे.

गवतीचहा:
नवऱ्याला धागा वाचायला दिला. त्याचं उत्तर: "हे सगळं ठीक, पण चरित्र अभिनेता म्हणजे शेवटी हिरो न झालेला माणूस." आता काय सांगू?

टेकाडेभाऊ:
'चरित्र अभिनेता' या शब्दाचंच बारसं चुकलंय. हिंदी सिनेमातून आला. मराठीत चरित्र म्हणजे एकतर जीवनकथा नाहीतर चारित्र्याचा दाखला. लहानपणी मला वाटायचं चरित्र अभिनेता म्हणजे निर्व्यसनी नट.

अर्धवटराव:
हसून हसून चहा सांडला.

दुसरी_घंटा:
हिरो न झालेला हे खरं नाही. त्याच्या वाट्याला शेक्सपिअरचा लिअर आला, आणि लिअर म्हणजे हिरोंचा बाप (खिडकीताई, अजून एक बाप घ्या). २००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होती तेव्हा तो किंग लिअर करायला परत आला तो त्याच एव्हरीमनमध्ये. लंडनमध्ये मोठं थिएटर मिळालं असतं, पण जिथे व्हॅनमध्ये सामान चढवलं तिथेच. दिग्दर्शक रुपर्ट गूल्ड. परीक्षणं काही फार बरी आली नव्हती. मग २००९ ला लंडनच्या यंग व्हिकमध्ये आलं.
मी तेव्हा लंडनमध्ये शिकत होतो, विद्यार्थी सवलतीत तिकीट काढून गेलो. प्रयोग म्हणून त्यात बराच पसारा होता, मलाही सगळा पटला नाही. पण तो माणूस! लिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी दाढी, झगा, मेघगर्जना. हा दिसायचा कामावरून निवृत्त झालेल्या, हेका न सोडणाऱ्या एखाद्या शेजारच्या काकांसारखा. मुलींमध्ये राज्य वाटतो ते वाढदिवसाचा केक कापावा इतक्या खुशीत. त्यामुळे पुढे जे होतं ते राजाचं पतन वाटतच नाही, आपल्या बिल्डिंगमधली भानगड वाटते, आणि तीच जास्त लागते. बाहेर आल्यावर मी आईला फोन केला होता, कारण नसताना.

आडगल्लीतला:
अजून कुणी 'नटसम्राट' काढला नाही? मग मीच काढतो. नियमाप्रमाणे लिअर आला की पाच प्रतिसादांत नटसम्राट यायला पाहिजे.

टेकाडेभाऊ:
काढलास, आता मिटवून ठेव. विंदांनी 'राजा लिअर' केलंय मराठीत, ते वाचा सरळ. आणि इथे विषय इंग्लंडातला आहे, तिथेच राहू दे.

मिसळीतला_पाव:
स्पीलबर्ग याला जगातला सर्वोत्कृष्ट नट म्हणाला होता ना? एवढं सर्टिफिकेट पुरे की नवऱ्याला.

खिडकीतली:
हो, 'लॉस्ट वर्ल्ड' आणि 'ॲमिस्टाड' दोन्ही १९९७ मध्ये त्याच्याकडे केले तेव्हाचं. पण याचं त्यावरचं उत्तर जास्त भारी आहे. म्हणे स्पीलबर्ग खरं असं म्हणाला असणार की पीटची भानगड अशी आहे की त्याला वाटतं तो जगातला सर्वोत्कृष्ट नट आहे.

अर्धवटराव:
हा माणूस आपल्याला आवडला. पण एक शंका, खोडसाळ नाही, खरीच. कुठेतरी वाचलं की याने कोळशाच्या वीज केंद्राविरुद्ध सरकारला धमकी दिली होती, सन्मान परत करीन म्हणून. अहो, १९९६ च्या सिनेमात खाण बंद केली म्हणून अल्बर्ट हॉलमध्ये रडायचं आणि पुढे कोळसा नको म्हणायचं? ठरवा काय ते एकदा.

आडगल्लीतला:
पुरस्कारवापसी! धागा शंभरी गाठणार आता. पॉपकॉर्न.

टेकाडेभाऊ:
इकडचं राजकारण इथे आणू नका, हात जोडतो. तिकडचं आणा हवं तर.

ढगाळ:
तिकडचंच सांगतो. २००४ ला त्याला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला होता. २००९ च्या मार्चमध्ये 'द एज ऑफ स्टुपिड' या हवामानबदलावरच्या त्याच्या सिनेमाच्या प्रीमियरला त्याने ऊर्जामंत्री एड मिलिबँडना तोंडावर सांगितलं की केंटमध्ये किंग्जनॉर्थला नवं कोळशाचं केंद्र मंजूर केलंत तर हा ओबीई परत घ्या. त्याच वर्षी कंपनीने तो प्रकल्प पुढे ढकलला आणि नंतर सोडूनच दिला, कारणं बरीच होती, एकट्या याच्यामुळे नाही. आणि नुसतं बोलणं नव्हतं, श्रॉपशरमधल्या त्याच्या घरी पवनचक्की होती.
आता तुझी शंका. मला विरोध दिसत नाही. 'ब्रास्ड ऑफ' कोळसा चांगला असं कुठे म्हणतो? डॅनीची छाती त्यानेच खाल्लेली आहे. सिनेमा म्हणतो एका गावाला सकाळी उठून सांगितलं की तुमची गरज नाही, आणि पुढे काय ते कुणी सांगितलंच नाही. इकडची शेवटची खोल खाण २०१५ मध्ये बंद झाली, कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र २०२४ च्या सप्टेंबरात. माझ्या पेशंटांना विचारलं की खाण परत हवी का, तर बरेच जण नातवाला पाठवणार नाही म्हणतात. पण बंद कशी केली त्याचा राग अजून ताजा आहे. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात असतं.

अर्धवटराव:
पटलं बऱ्यापैकी. पूर्ण नाही, कारण 'शेवटचं केंद्र' बंद करणाऱ्यांनीही गावाला काय विचारलं असेल देव जाणे. पण नटावरचा आरोप मागे.

लालबागचा_अंत्या:
'एज ऑफ स्टुपिड' मी बघितलाय. हा २०५५ सालात एकटा उरलेला माणूस, जुन्या फिती बघत बसलाय आणि विचारतोय की वेळ होता तेव्हा आपण स्वतःला का वाचवलं नाही. बाकी सगळं खरं चित्रण, सहा खऱ्या माणसांच्या गोष्टी. आणि त्यातली एक आपल्या मुंबईची! जेह वाडिया, स्वस्त विमान कंपनी काढतायत, सामान्य माणसाला विमानात बसवायचंय. म्हणजे बॉम्बे डाइंगवाले वाडिया. मी उडालोच. तिकडचा डॅनी पडद्यावर बघतोय आमच्या गिरणीमालकांच्या घरातल्या मुलाला. पृथ्वी गोल आहे.

खिडकीतली:
अंत्यादादा 🙏

दुसरी_घंटा:
शेवटची वर्षं बघा त्याची. कॅन्सर होता. २०१० या एका वर्षात 'क्लॅश ऑफ द टायटन्स', 'इन्सेप्शन', 'द टाऊन'. २ जानेवारी २०११ ला गेला, ६४ वर्षांचा. गवतीताई, तुम्ही जो फुलवाला बघून पॉज केलात ना, त्या रोलसाठी बाफ्टाचं (ब्रिटनचे सिनेमा पुरस्कार) नामांकन तो गेल्यावर जाहीर झालं.

गवतीचहा:
बापरे. मला वाटलं होतं म्हातारा दाखवायला इतका खंगवलाय. आम्ही गालफाडांवर विनोद करत होतो.

टेकाडेभाऊ:
गालफाडं आधीपासूनच तशी होती, अपराधी वाटून घेऊ नका. तरुणपणीही तो पन्नाशीचा दिसायचा. त्यामुळे त्याला म्हातारं व्हायला कधी मेकअपवाला लागला नाही आणि हिरो व्हायची पाळीही आली नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
मंग फायदाच झाला ना बाप्पा.

गवतीचहा:
अपडेट, दोन आठवड्यांनी. धाग्यातली यादी फ्रिजला लावली. 'डिस्टंट व्हॉइसेस' मी एकटीने बघितला, ते टेबलक्लॉथ ओढणं खिडकीने आधी सांगितलं होतं तरी दचकले. 'ब्रास्ड ऑफ' घरात सगळ्यांनी. डॅनी बॉयला नवरा किचनमध्ये पाणी प्यायला गेला आणि गाणं संपेपर्यंत पाणी पीत होता. वाद जिंकलाय असं मी धरते, तो अजून मान्य करत नाही, म्हणतो 'ब्रास्ड ऑफ'मध्ये हा हिरोच आहे, तो धरायचा नाही.
सासूबाईंनी सगळं बघून झाल्यावर विचारलं, "याचं नाव काय म्हणालीस?" मी काकांनी सांगितल्याप्रमाणे पहिला ट न उच्चारता व्यवस्थित सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "जाऊ दे, तुरुंगातला बापच बरं आहे."

अर्धवटराव:
त्या दिव्यांच्या बिलाचा प्रश्न सुटला म्हणायचा.